सगळी बिलं चोवीस तारखेची कशी?

“ताई, मार्चमध्ये आपण एक किलोही कांदा घेतला नाही, असं म्हणतंय तुमचं मशीन.”

३० मार्च २०२४, शनिवार. निफाड तालुक्यातल्या एका कांदा व्यापाऱ्याच्या पेढीवरून दिवाणजी काकांचा फोन. आर्थिक वर्ष संपायला एक दिवस, आणि तोही रविवारचा. महिनाभर ट्रॅक्टर येत होते, काटा होत होता, पट्ट्या छापून शेतकऱ्यांच्या हातात पडत होत्या. काकांच्या रोजमेळात सगळं जागच्या जागी होतं. मी लिहून दिलेल्या प्रोग्रामच्या मासिक अहवालात मात्र शून्य क्विंटल.

गंगापूर रोडवरच्या माझ्या टेबलावरून रिमोटने त्यांच्या कॉम्प्युटरवर गेले आणि थेट डेटाबेस उघडला. नोंदी होत्या की! एकही हरवली नव्हती. फक्त ११ मार्चची खरेदी जाऊन बसली होती २४ मार्च २०११ या तारखेला. १५ मार्चची २४ मार्च २०१५ ला. आणि चारच दिवसांपूर्वी, २६ मार्चला घेतलेला माल पडला होता २४ मार्च २०२६ ला; म्हणजे ज्याचं रोपही अजून कुणी टाकलेलं नाही असा कांदा काकांनी विकत घेऊन त्याचे पैसेही देऊन टाकले होते.

महिना सगळीकडे बरोबर, साल भलतंच, आणि तारीख मात्र झाडून सगळी चोवीस.

डेटाबेसमध्ये नोंद टाकणं हे तसं प्रोग्रामिंगमधलं पहिल्या आठवड्याचं काम. तरी ते करताना तारीख कशी घसरते, आणि घसरली तर घोडं नेमकं कुठे पेंड खातंय हे कसं शोधायचं, ते या चोवीस तारखेच्याच निमित्ताने सांगते. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. या लेखात अंक आणि संगणकाच्या आज्ञा देवनागरीत आहेत. डेटाबेसला त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत द्याव्या लागतात. ही तांत्रिक कटकट वाटली तरी तिच्यातूनही एक भानगड होते. तिच्याकडे पुढे येऊ.

दिवस एक, लिहायच्या तऱ्हा अनेक

महाशिवरात्रीला त्र्यंबकेश्वरला दर्शनाच्या रांगेत उभे राहा. पुढे आपला सिन्नरचा माणूस, मागे काशीहून आलेला यात्रेकरू. सिन्नरकराला विचारलं तर तो म्हणेल, आज माघ वद्य चतुर्दशी. काशीकर म्हणेल, फाल्गुन कृष्ण चतुर्दशी. दोघं एकाच दिवशी, एकाच रांगेत, एकाच देवासाठी उभे आहेत. तरी महिन्याचं नाव वेगळं. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला, म्हणून वद्य पक्षात ही एका महिन्याची तफावत पडते. चुकीचं कुणीच नाही. पण सिन्नरकराने “माघ वद्य चतुर्दशी” एवढंच चिठ्ठीवर लिहून काशीला पाठवलं, आणि वाचणाऱ्याने आपल्या पद्धतीने वाचलं, तर तो महिनाभर आधीच गाडीत बसेल.

डेटाबेसमधल्या तारखेचं दुखणं हुबेहूब हेच आहे. दिवस ही एक गोष्ट आणि तो कागदावर लिहायची तऱ्हा ही दुसरी. या तऱ्हेलाच फॉरमॅट म्हणतात. २०२४ ची महाशिवरात्र आपण ०८/०३/२०२४ अशी लिहितो: आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. अमेरिकेत आधी महिना. तिथल्या सवयीने वाचलं की तीच चिठ्ठी ३ ऑगस्ट होते आणि महाशिवरात्र थेट आषाढात जाते.

आता डेटाबेस. तो म्हणजे रकाने आखलेली वही असं समजा. एकेका रकान्यात काय लिहायचं हे आधीच ठरवलेलं असतं: इथे नाव, इथे वजन, इथे तारीख. तारखेचा रकाना ‘डेट’ प्रकारचा असेल तर आत मजकूर ठेवलाच जात नाही. डेटाबेस चालवणारे प्रोग्राम अनेक आहेत. त्यांतला मायएसक्यूएल अख्खी तारीख ३ बाइटमध्ये घडी घालून ठेवतो. दुसरा, पोस्टग्रेस, १ जानेवारी २००० पासून किती दिवस झाले एवढा आकडा ४ बाइटमध्ये ठेवतो. आत ना तिरपी रेघ आहे ना आडवी. म्हणजे आपण चिठ्ठी देतो, डेटाबेस ती वाचून दिवस समजून घेतो, दिवस ठेवतो आणि चिठ्ठी फेकून देतो. पुढे कुणी मागितलं की स्वतःच्या हाताने नवी चिठ्ठी लिहून देतो.

घोळ होतो तो चिठ्ठी वाचण्याच्या त्या एका क्षणी. एकदा चुकीचा दिवस आत गेला की मूळ चिठ्ठीत काय होतं हे डेटाबेसला विचारून उपयोग नाही. त्याच्याकडे ती नसतेच.

प्रत्येकाची वाचायची पद्धत

मायएसक्यूएलला आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम हवा. ०८/०३/२०२४ असं दिलं तर बहुतेक वेळा ‘इनकरेक्ट डेट व्हॅल्यू’ म्हणून तो नोंद परत करतो. वर्गातल्या पोरांना या ओळीचा फार राग येतो. माझ्या मते ती डेटाबेसच्या सगळ्यात उपकारक ओळींपैकी एक आहे. जुन्या आवृत्त्यांत ती येत नसे. न कळलेल्या तारखेच्या जागी सगळी शून्यं लिहून, हळूच एक इशारा नोंदवून, मायएसक्यूएल पुढे जात असे. आंधळं दळत होतं. ५.७ आवृत्तीपासून कडक शिस्तीची रीत आपोआप चालू असते, म्हणून आता तो नाही म्हणतो. ती रीत ‘एरर येतोय’ म्हणून बंद करणारे महाभाग आजही भेटतात.

पोस्टग्रेसमध्ये ‘डेटस्टाइल’ नावाचं सेटिंग असतं. त्याची मूळ ठेवण महिना आधी अशी आहे. तिथे ०८/०३/२०२४ बिनतक्रार आत जातं आणि ३ ऑगस्ट होतं. १५/०३/२०२४ दिलं तर मात्र पंधरावा महिना नसल्यामुळे तो अडतो, आणि डेटस्टाइल बदलून पाहा असं सुचवतोही. इथे थोडा हिशोब करू. दिवस आणि महिना दोन्ही बारापर्यंतचे अशा तारखा वर्षात १४४. त्यांतल्या १२ अशा की उलट्या वाचल्या तरी त्याच राहतात, ०३/०३ सारख्या. उरल्या १३२. साध्या वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी १३२ दिवस नोंद गुपचूप चुकीची जाणार, २२१ दिवस आरडाओरडा होणार आणि १२ दिवस नशिबाने बरोबर. चाचणी महिन्याच्या विसाव्या दिवशी केली तर चूक लगेच सापडते. पाचव्या दिवशी केली तर “चाललं की!” म्हणून आपण चहाला जातो.

ओरॅकलला मूळ ठेवणीत ०८-मार्च-२४ अशी, महिन्याच्या नावाच्या तीन अक्षरांची तारीख हवी असते, म्हणून तिथले लोक ‘टू_डेट’ वापरून फॉरमॅट सोबतच सांगतात. एसक्यूलाइटमध्ये तारखेचा वेगळा प्रकारच नाही. तो चिठ्ठी जशीच्या तशी मजकूर म्हणून ठेवतो. मग क्रम लावायला सांगितलं की ०१/०४/२०२४ येते ०८/०३/२०२४ च्या आधी, कारण अक्षरांत एक आधी आणि आठ नंतर.

या भांडणावर तोडगा म्हणून १९८८ साली आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आलं: २०२४-०३-०८. मोठं आधी, धाकटं नंतर, आणि जागा भरायला शून्य. आपण शाळेत शतक, दशक, एकक याच क्रमाने संख्या लिहायला शिकलो, तसंच हे. त्यामुळे तारीख मजकूर म्हणून ठेवली तरी क्रम बिघडत नाही. जवळजवळ सगळीकडे ही चिठ्ठी बिनधोक वाचली जाते. जवळजवळ म्हणते, कारण एसक्यूएल सर्व्हरमध्ये जुन्या ‘डेटटाइम’ प्रकाराचा रकाना असेल आणि भाषा ब्रिटिश इंग्रजी ठेवलेली असेल, तर तो आडव्या रेघांची हीच तारीख वर्ष-दिवस-महिना अशी वाचतो. रेघा काढून सलग २०२४०३०८ दिलं की नीट वाचतो. का, असं मला विचारू नका.

मग चोवीस कुठून आलं?

आता माझी करणी. फेब्रुवारीपर्यंत त्या पेढीवरच्या फॉर्मात तारखेसाठी छोटं कॅलेंडर उघडायचं. काकांना ते आवडत नव्हतं. बाहेर ट्रॅक्टरची रांग, समोर शेतकरी उभा, आणि माऊस धरून चौकोन शोधायचा! “सरळ टाइप करू द्या ना ताई.” १ मार्चपासून मी साधा रकाना करून दिला. काका ११/०३/२४ असं टाइप करायचे. वर्षाचे दोनच अंक, आपण वहीत लिहितो तसे. आणि मी ते आले तसे डेटाबेसच्या हवाली केले. आधीचं कॅलेंडर आपणहून वर्ष-महिना-दिवस पाठवत होतं, म्हणून इतके दिवस निभावलं होतं. ही गोष्ट मी साफ विसरले.

पेढीवर मायएसक्यूएल ५.७, तोही कडक शिस्तीचा. मग त्याने एरर का दिला नाही? कारण त्याच्या नियमात ही चिठ्ठी चुकीची नव्हतीच. मधलं चिन्ह तिरपी रेघ असो, आडवी असो की टिंब असो, त्याला चालतं. वर्ष दोन अंकी असेल तर ०० ते ६९ म्हणजे २००० ते २०६९, आणि ७० ते ९९ म्हणजे १९७० ते १९९९, असा त्याचा ठराव आहे. त्याने ११/०३/२४ समोर धरलं आणि डावीकडून वाचलं: वर्ष ११, महिना ०३, दिवस २४. चोख तारीख. घेतली.

म्हणजे काकांनी टाइप केलेला दिवस साल होत होता आणि साल दिवस होत होतं. मार्चभर जे काही आलं त्याचं साल २४, म्हणून झाडून सगळं चोवीस तारखेला. २०२५ असतं तर पंचवीस तारखेला पडलं असतं. २०३२ उजाडल्यावर मात्र पहिल्याच बिलाला मायएसक्यूएल अडला असता, कारण कुठल्याच महिन्याला बत्तिसावी तारीख नाही. तोपर्यंत थांबायची काकांची तयारी नव्हती.

महिनाभर कुणाच्या लक्षात का आलं नाही? पट्टी छापताना मी तारीख फॉर्मातूनच उचलत होते, डेटाबेसमधून परत वाचत नव्हते. त्यामुळे शेतकऱ्याच्या हातातला कागद बरोबर. रोजच्या यादीत पट्टी क्रमांक, नाव, वजन आणि भाव एवढंच होतं. तारखेचा रकाना मी जागा वाचवायला काढला होता. त्या यादीवर आज माझा सगळ्यात जास्त राग आहे.

डेटाबेसच्या कानात काय पडलं ते ऐकायचं

आत्ता हे सगळं तीन परिच्छेदांत सांगितलं, पण त्या दिवशी मला ते समोर दिसत नव्हतं. कोड तीनदा वाचला. कोड वाचताना डोळ्यांना आपण लिहिलंय ते दिसत नाही, लिहायचं मनात होतं ते दिसतं. चौथ्यांदा वाचण्याऐवजी मी क्वेरीचा लॉग चालू केला.

क्वेरी म्हणजे प्रोग्रामने डेटाबेसला दिलेली आज्ञा: ही नोंद टाक, ती काढून दाखव. लॉग म्हणजे आज्ञा येतील तशा, वेळेसकट, एका फाइलमध्ये उतरवून ठेवणं. सोसायटीच्या गेटवर वॉचमन वहीत गाडीचा नंबर आणि वेळ लिहितो ना, तसं. मायएसक्यूएलमध्ये याला ‘जनरल लॉग’ म्हणतात. एका आज्ञेने चालू होतो, एका आज्ञेने बंद; सर्व्हर थांबवावा लागत नाही. आज्ञा आली की ती पार पडायच्या आधीच लॉगमध्ये उतरते, त्यामुळे फसलेलीही तिथे सापडते.

काकांना म्हटलं, एक खोटी पट्टी टाका, एक क्विंटलची, आजच्या तारखेची. त्यांनी टाकली. फाइलमध्ये शेवटी ही ओळ आली:

इन्सर्ट इन्टू खरेदी (पट्टी_क्र, तारीख, वजन) व्हॅल्यूज (९९९९, '३०/०३/२४', १.००)

बस. माझ्या डोक्यात २०२४-०३-३० होतं आणि डेटाबेसच्या कानात ३०/०३/२४ पडलं होतं. लगेच ती नोंद काढून पाहिली: २०३०-०३-२४. काय पाठवलं आणि काय ठेवलं गेलं, या दोन ओळी शेजारी शेजारी ठेवल्यावर कोडं सुटायला मिनिटही लागलं नाही. त्याआधीची चाळीस मिनिटं फुकट गेली होती.

लॉग वाचताना एक फसगत हमखास होते. आजकाल आज्ञा आणि त्यातल्या किमती वेगवेगळ्या पाठवतात. आज्ञेत किमतीच्या जागी प्रश्नचिन्हं असतात आणि किमती मागून जोडल्या जातात. हे करायलाच हवं. नाहीतर कुणी नावाच्या रकान्यात एखादा अवतरणचिन्हाचा तुकडा टाकून डेटाबेसला भलतीच आज्ञा देऊ शकतो. पण त्यामुळे प्रोग्रामच्या बाजूचा लॉग कित्येकदा नुसता ‘व्हॅल्यूज (?, ?, ?)’ असा दिसतो. जावा भाषेत लिहिणाऱ्यांना हायबरनेटमध्ये, म्हणजे त्यांच्या वतीने डेटाबेसशी बोलणाऱ्या तयार साधनात, हा अनुभव रोजचा. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसच्या भाषेतली आज्ञा, दाखव म्हटलं की तो प्रश्नचिन्हं दाखवतो, किमतींसाठी वेगळं सेटिंग चालू करावं लागतं. तारखेचा घोळ तर नेमका किमतीत असतो. प्रश्नचिन्हांचा लॉग म्हणजे पाकिटावरचा पत्ता वाचून आतलं पत्र ओळखण्यासारखं. मायएसक्यूएलचा जनरल लॉग याबाबतीत बरा: आधी ‘प्रिपेअर’ची प्रश्नचिन्हांची ओळ आणि खाली ‘एक्झिक्यूट’ची किमती भरलेली ओळ, अशा दोन्ही देतो. पोस्टग्रेसमध्ये ‘लॉग_स्टेटमेंट’चं सेटिंग ‘मॉड’ केलं की नोंदींत भर घालणाऱ्या आणि बदल करणाऱ्या आज्ञा उतरतात, नुसत्या वाचणाऱ्या वगळून. आणि किमती तपशिलाच्या ओळीत येतात. वेबसाइटचे प्रोग्राम ज्यांच्या आधाराने लिहितात त्या तयार सांगाड्यांतही हे पाहता येतं: जँगोमध्ये ‘डीबग’ चालू असताना, लाराव्हेलमध्ये ‘डीबी लिसन’ने, कोडइग्नायटरमध्ये ‘लास्ट क्वेरी’ने. पण शेवटचा शब्द डेटाबेसच्या स्वतःच्या लॉगचा. मधल्या प्रत्येक माणसाने निरोप बदललेला असू शकतो.

आणि हो, प्रश्नचिन्हांमुळे तारखेचा घोळ टळतो हा गैरसमज काढून टाका. मजकूर म्हणून ११/०३/२४ जोडलं तर ते मजकूर म्हणूनच जातं. चोरापासून संरक्षण मिळतं, चुकीपासून नाही.

लॉगचं कौतुक झालं, आता त्याची दुसरी बाजू. तो कायम चालू ठेवायची वस्तू नाही. वर्दळीच्या सर्व्हरवर फाइल फुगत जाते, डिस्क भरते, आणि डिस्क भरली की डेटाबेसच बसतो. दुसरं म्हणजे त्या फाइलमध्ये सगळं उतरतं. पेढीच्या नोंदींत शेतकऱ्याचं नाव, मोबाइल, बँकेचा खाते क्रमांक असतो. डेटाबेसला पासवर्ड लावायचा आणि त्यातलाच मजकूर उघड्या फाइलमध्ये पडू द्यायचा, हे म्हणजे तिजोरीला कुलूप आणि किल्ली खुंटीवर. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालेला आहे. कायदा नसता तरी ती माणसं आपल्या गावची आहेत. काम झालं की मी जनरल लॉग बंद केला आणि फाइल पुसली. रोजच्यासाठी प्रोग्रामच्या बाजूला छोटा लॉग ठेवलाय: कुठला पट्टी क्रमांक, कुठली तारीख पाठवली, किती नोंदी पडल्या, डेटाबेसने काही इशारा दिला का. खाते क्रमांकाचे फक्त शेवटचे चार अंक.

उंबरठ्यावरच विचारपूस

दुरुस्ती अशी केली. काकांना पाहिजे तसं टाइप करू दिलं. मात्र तो मजकूर आत येताक्षणी, उंबरठ्यावरच, “हा दिवस/महिना/वर्ष आहे” असं स्पष्ट सांगून खऱ्या तारखेत बदलला, आणि पुढे सगळीकडे तारीख म्हणूनच नेली. डेटाबेसकडे जाताना वर्ष-महिना-दिवस. परत दाखवताना पुन्हा काकांच्या सवयीचं, पण वर्ष चार अंकी.

हे करताना प्रोग्रामिंगच्या भाषेवर विसंबून राहू नका. पीएचपीला नुसतं “या मजकुराची तारीख कर” म्हटलं तर ०८/०३/२०२४ म्हणजे ३ ऑगस्ट आणि ०८-०३-२०२४ म्हणजे ८ मार्च! तिरपी रेघ दिसली की तो अमेरिकन, आडवी दिसली की आपला. फॉरमॅट सांगून बदल करवला तरी ३१/०२/२०२४ दिल्यावर तो नाही म्हणत नाही, दोन दिवस पुढे सरकून २ मार्च देतो. त्याचे इशारे वेगळे तपासावे लागतात. जावामध्ये मोठ्या लिपीतले दोन एम म्हणजे महिना, लहान लिपीतले दोन म्हणजे मिनिटं. वर्षासाठी वाय लहान लिपीत लिहायचे. मोठ्या लिपीत लिहिले तर ते आठवड्यांच्या हिशोबाचं वर्ष होतं, आणि ३१ डिसेंबर २०२४ चं बिल ३१ डिसेंबर २०२५ होऊन बसतं. ही चूक वर्षातून शेवटचे दोन-चार दिवसच डोकं वर काढते आणि जानेवारीत आपोआप ‘बरी’ होते.

मघाची देवनागरी अंकांची भानगडही इथलीच. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून कुणी ०८/०३/२०२४ देवनागरी अंकांत टाइप केलं तर पायथन ते अंक म्हणून वाचतो, जावास्क्रिप्ट ‘हा आकडाच नाही’ म्हणतं. उंबरठ्यावर आधी अंक बदलून घ्यायचे, मग पुढचं. एक्सेलमधून आलेल्या फाइलमध्ये तारखेच्या जागी ४५३५९ दिसलं तर घाबरू नका. एक्सेल १९०० सालापासून दिवस मोजतो; तो आकडा म्हणजे ८ मार्च २०२४.

एक प्रकार याहून छुपा आहे. दिंडोरीकडच्या एखाद्या द्राक्षांच्या पॅकहाउसची कल्पना करा. हंगामात रात्रभर पॅकिंग चालतं. १ एप्रिलला पहाटे दोनला कंटेनर भरला, नोंद पडली. सर्व्हर क्लाउडवर, त्याचं घड्याळ जागतिक वेळेचं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्याच्या लेखी अजून ३१ मार्चची रात्र, साडेआठ. दिवसच नाही, आर्थिक वर्षच बदललं. याउलट, ब्राउझरमधल्या कॅलेंडरमध्ये ८ मार्च निवडला, जावास्क्रिप्टने तो आपल्या मध्यरात्रीचा क्षण धरला आणि जागतिक वेळेत लिहून दिला, की ७ मार्च, संध्याकाळचे साडेसहा. पहिली दहा अक्षरं कापून घेणाऱ्याची महाशिवरात्र आदल्या दिवशी.

म्हणून बिलाची तारीख आणि नोंद झाल्याचा क्षण असे दोन वेगळे रकाने ठेवायचे. बिलाची तारीख हा माणसाने ठरवलेला दिवस; त्याला घड्याळ नाही, देश नाही, तो साधा ‘डेट’. नोंदीचा क्षण मात्र डेटाबेसलाच आपल्या घड्याळाने लिहू द्यायचा, माणसाचा हात न लागता.

हा दुसरा रकाना मी त्या पेढीवर सुरुवातीलाच ठेवला होता, आणि त्यानेच शनिवारी तारलं. माझ्या चुकीत एक बरं होतं: ती उलटवता येत होती. सालाचे शेवटचे दोन अंक म्हणजे खरा दिवस, चोवीस म्हणजे खरं साल, महिना जागच्या जागी. दिवस-महिन्याची अदलाबदल झाली असती तर ऑगस्टमधली खरी ३ तारीख आणि मार्चमधून चुकून आलेली ३ तारीख वेगळ्या ओळखू आल्या नसत्या. आधी पूर्ण बॅकअप घेतला. मग १ मार्चपासून नोंद झालेल्या ओळी निवडून नवी तारीख वेगळ्या रकान्यात काढली, नोंदीच्या क्षणाशी ताडून पाहिली. दोन-तीन ठिकाणी एका दिवसाचा फरक निघाला. काकांना विचारलं. वीज गेल्यामुळे त्या पट्ट्या हाताने करून दुसऱ्या दिवशी सकाळी चढवल्या होत्या. वहीत तसं लिहिलेलंही होतं. सगळं जुळल्यावरच मूळ रकाना बदलला आणि ती ९९९९ क्रमांकाची खोटी पट्टी काढून टाकली.

रात्री साडेनऊला अहवाल निघाला. काकांनी रोजमेळ पुढे ओढून एकेक दिवस बोट ठेवत ताडला.

“पण ताई,” ते म्हणाले, “चोवीस तारखेचा माल जागेवर राहिला असता ना? मग निदान त्या दिवसाचा तरी आकडा यायला हवा होता.”

बरोबर होतं त्यांचं. २४/०३/२४ उलटं वाचलं तरी २४ मार्च २०२४ च. महिन्यातला तो एकच दिवस आपोआप बरोबर पडणार होता, आणि तेवढा एक आकडा अहवालात दिसला असता तर शून्याऐवजी ‘मार्चची खरेदी जरा कमीच दिसतेय’ म्हणून कदाचित कुणी हटकलंही नसतं. कॅलेंडर उघडून पाहिलं. २४ मार्चला रविवार होता, आणि वर होळी. बाजार बंद.